वाफेच्या घळीतला मळा

जहाज इलवायाम गावासमोर तीन दिवस उभं होतं, आणि त्या तीन दिवसांत ग्रुन्याला गावाचं एक छप्परही दिसलं नव्हतं. नुसतं धुकं. धुक्यापलीकडून कुत्र्यांचं भुंकणं यायचं, मधूनच कुणीतरी लोखंडावर ठोकल्याचा आवाज यायचा, म्हणून माणसं आहेत एवढं कळायचं. चौथ्या दिवशी सकाळी धुकं पुरुषभर वर उचललं. त्याच्या खालून एक होडी सरकत आली आणि होडीत तिचा नवरा सावेली उभा होता.

"पोत्यात काय आहे?" त्याने हात पुढे करत विचारलं.

"बटाटे. बियाण्याचे."

सावेली हसला नाही. पोतं त्याने खांद्यावर घेतलं आणि हळूच म्हणाला, "आईसमोर लगेच उघडू नकोस."

ग्रुन्या रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचातका द्वीपकल्पातलीच होती. पण कामचातका म्हणजे काही एक गाव नव्हे. तिचा जन्म मधल्या खोऱ्यातला. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा, मध्ये मोठी नदी. समुद्राचा वारा तिथवर पोचत नाही. हिवाळ्यात थुंकी खाली पडेपर्यंत गोठते, पण उन्हाळ्यात अंगणात बाकावर बसलं तर पाठ भाजून निघते. बटाटे, कोबी, गाजरं, कशाला म्हणून तोटा नाही. तिथल्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती आणि सावेली होडीच्या इंजिनाचं काम शिकायला आला होता. पूर्व किनाऱ्यावरच्या कोर्याक जमातीचा, कमी बोलणारा, रोज ताट चाटूनपुसून स्वच्छ करणारा माणूस. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "तुमच्याकडे बटाटे होतात का?" तो म्हणाला होता, "नाही. पण समुद्र आहे." हे काही उत्तर नव्हतं, पण तिला ते आवडलं.

इलवायाम पूर्व किनाऱ्यावर, द्वीपकल्पाच्या मानेपाशी. तिथे बर्फ घराच्या धुराड्याला टेकतो आणि जून उजाडला तरी सावलीतून हलत नाही. मग उन्हाळा येतो, म्हणजे धुकं येतं. जुलैत सगळं गाव नदीवर असतं. मासे येतात तेव्हा पाण्यात काठी उभी केली तर पडणार नाही अशी गर्दी. सप्टेंबरात टुंड्रा लाल होतो, ऑक्टोबरात पहिलं वादळ. ग्रुन्या आली ती १९७३ साली, बावीस वर्षांची. बालवाडीत तिला स्वयंपाकिणीचं काम मिळालं, आणि घरी मिळाली सासू.

सासूचं नाव लेक्तीनाऊत. सगळं गाव तिला लेक्ती आजी म्हणे. ठेंगणी, पायात सीलच्या कातड्याचे बूट, साठीला आली तरी स्वतःची कुत्र्यांची गाडी स्वतः हाकणारी. रशियन भाषा ती तोडून तोडून बोलायची, पण टोमणा मारायला तिला शब्द कमी पडत नसत. पहिल्याच आठवड्यात ग्रुन्याने घरामागे फावडं चालवलं तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"काय पुरतेस?"

"पुरत नाही आई, लावतेय. बटाटे."

"माणूस मेल्यावर जमीन उकरतात. इथे कोण मेलं?"

त्या वर्षी बटाटे आले हरभऱ्याएवढे. पुढच्या वर्षी ते कुजले. तिसऱ्या वर्षी चांगले वाढत होते, तर ऑगस्टच्या पंधरा तारखेला दंव पडलं आणि पानं काळी ठिक्कर. गावात नावच पडलं, 'खोऱ्यातली राणी'. दुकानात कुणी ना कुणी विचारायचंच, "काय राणी, यंदा पीक किती पोती?" ग्रुन्या हसून सोडून द्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

लेक्ती आजी दुष्ट मात्र नव्हती. ग्रुन्याला खायला काय काय मिळतं ते तिनेच दाखवलं. सप्टेंबरात ती तिला टुंड्रावर घेऊन गेली, हातात हरणाच्या शिंगाची कुदळी. पावलाने जमीन चाचपत चाचपत एका जागी थांबली, गवताचा थर अलगद उचलला, आणि आत उंदरांचं कोठार! पांढरी गोड मुळं, धुतल्यासारखी स्वच्छ, प्रकारानुसार वेगवेगळी रचून ठेवलेली. आजीने त्यातली अर्धीच काढली. मग पिशवीतून वाळवलेली माशाची अंडी मूठभर काढून त्या जागी ठेवली आणि गवत परत नीट झाकलं.

"ही कुणाला?" ग्रुन्याने विचारलं.

"तिला. उंदरीणबाईला. तिची पोरं हिवाळ्यात काय खातील? फुकट नेलं तर पुढच्या वर्षी ती घर बदलते. मग तू बस बोंबलत."

त्या संध्याकाळी मुळं, क्रॉबेरीची काळी फळं आणि सीलची चरबी कुटून आजीने गोळे केले. ग्रुन्याने पाच खाल्ले. आजीने मोजले होते, दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, "जीभ तर ठीक आहे पोरीची. डोक्याचं बघू."

गावापासून तासाभराच्या चालीवर, नदीच्या वरच्या अंगाला एक घळ होती. तिथे दगडांतून कढत पाणी यायचं. ऐन जानेवारीतही घळीतून वाफेचा खांब सरळ वर चढलेला दिसायचा, आणि ओढ्याच्या कडेची एक पट्टी, दोन होड्यांइतकी रुंद, बर्फाखाली कधी जात नसे. ग्रुन्याने ती पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिने हातमोजे काढून उघडा तळहात मातीवर टेकवला. बाहेर उणे वीस, आणि माती भाकरीसारखी कोमट. तिला तिथून उठवेना.

पण ती जागा गावाच्या मानाची होती. येणाराजाणारा तिथे तंबाखूची चिमूट, मणी, सुक्या गवताची वेणी ठेवून जायचा. ग्रुन्याने विषय काढला तर आजीचं तोंड दगडासारखं झालं.

"तिथे फावडं नाही."

"का पण आई?"

"नाही म्हटलं ना."

सावेलीला विचारलं, तर तो इंजिनात डोकं घालून म्हणाला, "मला मध्ये घालू नका. मी दोघींच्या हातचं खातो."

आणखी एक वर्ष ग्रुन्याने वाट पाहिली. तोवर तिला एक मुलगी झाली होती, आणि बालवाडीत बावीस मुलं तिच्या हातचं जेवत होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांना द्यायला मासे, मांस, पीठ आणि डब्यातला वाटाणा. मे महिन्यात रानलसूण उगवेपर्यंत ताजं हिरवं म्हणून काही नाही. मुलं सुस्तावत, ओठांचे कोपरे फाटत. एके दिवशी तिने मनाशी ठरवलं आणि कुणालाही न सांगता बियाण्याचे वीस बटाटे घेऊन घळीत गेली.

त्या पहिल्या प्रयोगाची फजिती तिने पुढे स्वतःच गावभर सांगितली. जमीन जितकी गरम तितकं पीक लवकर, असा हिशेब करून तिने झऱ्याच्या अगदी तोंडाशी बटाटे लावले. दहा दिवसांनी कोंब आले का पाहायला उकरलं, तर बटाटे उकडलेले! साल आपोआप सुटत होतं. ते तिने घरी नेले. सावेलीने मीठ लावून खाल्ले आणि म्हणाला, "छान झालेत. कुठे उकडलेस?" ग्रुन्याला हसूही येईना आणि रडूही येईना.

मग ती शहाणी झाली. झऱ्यापासून दहा-दहा पावलं खाली सरकत, प्रत्येक ठिकाणी मातीत कोपरापर्यंत हात घालून, 'लहान बाळाला आंघोळीला चालेल' अशी जागा तिने शोधली. तिथली माती कडवट आणि पांढरट होती, मुळं जाळणारी. म्हणून सबंध उन्हाळाभर, कामावरून सुटलं की ती नदीकाठचा गाळ, समुद्रावरचं शेवाळ आणि माशांची डोकी पाठीवरून वाहत राहिली. अस्वलांनी ती डोकी दोनदा उकरून नेली. तिने तिसऱ्यांदा आणली. वाळूत रुतलेल्या जुन्या मासेमारी बोटीच्या खिडक्यांच्या काचा सावेलीने काढून दिल्या, कशासाठी ते न विचारता. ऑक्टोबरात आठ पावलं लांब, आत बसता येईल एवढी उंच, अर्धी जमिनीत आणि अर्धी काचेखाली अशी एक खोपटी तयार झाली. फेब्रुवारीच्या शेवटी, दिवस जरा लांबल्यावर, तिने कांदा आणि शेपू लावला.

मार्चच्या मध्याला बालवाडीच्या सूपमध्ये हिरवी पात पडली.

बिंग फुटायला एक दिवसही लागला नाही. शेजारची पाच वर्षांची पोर घरी जाऊन म्हणाली, "आज सूपमध्ये गवत होतं, आणि मी तीनदा घेतलं." तिची आजी हे सांगायला लेक्ती आजीकडे आली. मार्चमध्ये हिरवं गवत! लेक्ती आजीने कप खाली ठेवला. सगळ्या मुलखात त्या दिवसांत काही हिरवं असू शकेल अशी एकच जागा होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. ग्रुन्या सकाळीच स्की बांधून घळीत गेली होती. खोपटीत वाकून ती वाफ्यात साचलेलं पाणी काढत होती, तेवढ्यात बाहेर कुत्र्यांचा गलका झाला. डोकं बाहेर काढलं तर सासू, हातात कुत्री हाकायची काठी.

"बाहेर ये."

ग्रुन्या बाहेर आली.

"मी नाही म्हटलं होतं."

"का नाही ते म्हटलं नव्हतं!" ग्रुन्याचाही आवाज चढला. "चार वर्षं विचारतेय! पोरांचे ओठ फाटतात ते दिसतं का तुम्हाला? की मीच लावलंय म्हणून नको? खोऱ्यातल्या बाईने केलं म्हणून?"

"तू काय केलंस तुला कळत नाही."

"मग कळवा ना! कोर्याकमध्ये कळवा, रशियनमध्ये कळवा, कशातही कळवा!"

आजीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिचं लक्ष कुत्र्यांकडे गेलं होतं. गलका थांबला होता. सगळी आठही कुत्री शेपटीत नाक खुपसून वेटोळी होऊन बसली होती. हवा एकाएकी दमट आणि मऊ झाली होती, जवळजवळ उबदार. समुद्राकडचं आकाश दुधासारखं दिसत होतं आणि डोंगराची कड त्यात विरघळत चालली होती.

"भांडण मग करू," आजी म्हणाली. "कुत्री सोड. गाडी आडवी टाक दाराशी. लवकर!"

"घरी नाही का पोचणार?"

"पोचू. जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर."

पंधरा मिनिटांत वादळाने घळ गिळली. पुढचा हात दिसेना. कुत्री खोपटीच्या आडोशाला बर्फाखाली गेली, दोघी आत. आजीच्या गाडीवर सुक्या माशाची एक जुडी होती, ग्रुन्याच्या पिशवीत पावाचा अर्धा तुकडा. पाठ टेकायला गरम माती, डोक्यावर बोटीच्या काचा, आणि त्यांच्यावर बर्फाचा थर चढत जाताना उजेड पांढऱ्याचा निळा आणि निळ्याचा करडा होत गेला. दर थोड्या वेळाने ग्रुन्या स्कीची काठी छतातल्या फटीतून वर घुसवून हवेसाठी भोक मोकळं करायची.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काच कडाडली. बर्फाच्या भाराने ती मधोमध फुटली आणि शेपूच्या वाफ्यावर वाऱ्यासकट बर्फाचा लोट आत आला. ग्रुन्या दोन्ही हातांनी भोक झाकायला धावली; हातांनी काय झाकणार? तिने मागे वळून पाहिलं तर सासूने अंगातला हरणाच्या कातड्याचा झगा डोक्यावरून काढला होता. ती नुसत्या सुती पोलक्यावर होती. तिने तो झगा भोकात कोंबला, कडा घट्ट दाबल्या, वरून फळी लावली आणि वाफ्यावर पडलेला बर्फ बोटांनी, एकेक रोप सांभाळत, वेचून काढू लागली.

"आई, गारठाल! रोपं मरू देत!"

"तुझ्यासाठी नाही करत," आजी गुरगुरली. "उगवायच्या आधी नाही म्हणायचं असतं. उगवल्यावर मारायचं नसतं. एवढंही शिकवलं नाही तुला आईने?"

ग्रुन्याने आपला कोट काढून दोघींच्या अंगावर ओढला. दोघी चिकटून बसल्या, आणि मग आजी बोलू लागली, तोडून तोडून, अर्धं आपल्या भाषेत. ती लहान असताना बाहेरून कामगार आले होते. त्यांनी न्हाणीघर बांधायला इथलं झऱ्याचं तोंड दगडांनी बांधून घातलं. महिन्याभरात पाणी गेलं. घळ थंड पडली. तिचा बाप तेव्हा सांधे धरून आजारी होता. ह्याच पाण्यात बसून तो चालू शकायचा. दोन वर्षं पाणी नव्हतं. दोन वर्षांनी ते दुसऱ्या फटीतून परत आलं, पण बाप तोवर राहिला नव्हता.

"म्हणून नाही म्हटलं," ती म्हणाली. "कळलं आता?"

ग्रुन्याने कोट आजीच्या खांद्यावर नीट ओढला. मग म्हणाली, "मी पाण्याला हात लावलेला नाही आई. ते त्याच्या वाटेने जातंय. मी फक्त बाजूला बसलेय."

"ते मी पाहिलं, आत शिरताना. नाहीतर काठी कशाला आणली होती?" आजीने पातीचा एक तुकडा खुडला, वास घेतला, पण खाल्ला नाही. "उंदरीणबाईकडून घेतलं तेव्हा अंडी दिली. या घळीला काय दिलंस?"

"माशांची डोकी."

"किती?"

"तीन पोती. अस्वलांनी नेलेली धरली तर सात."

लेक्ती आजी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांतून पाणी. "उंदराला मूठभर आणि हिला सात पोती! वेडी ती वेडी! लाजून उगवलं असेल ते, लाजून!" आणि तिने पात तोंडात टाकली, वर सुक्या माशाचा तुकडा चावला, चघळला, आणि दुसरी पात खुडली.

वादळ चौथ्या दिवशी दुपारी थांबलं. सावेली आणि आणखी तिघे फावडी घेऊन आले. घळ सपाट झाली होती. फक्त बर्फात आठ बारीक भोकं होती आणि त्यांतून कुत्र्यांच्या श्वासाची वाफ येत होती. त्यावरून त्यांनी जागा ताडली. खणत खणत काचेपर्यंत पोचले तेव्हा आतून भांडणाचा आवाज आला. शेपू जाड कापायचा की बारीक, यावरून.

सावेली बर्फात मटकन बसला. मग टोपी काढून तोंड पुसत म्हणाला, "वादळाची भीती नव्हती मला. दोघींतली एकच जिवंत सापडेल असं वाटलं होतं."

त्या वसंतात लेक्ती आजीने गावाला आपले नियम सांगितले. पाणी अडवायचं नाही. फावडं ओढ्याच्या खालच्या अंगालाच, वर नाही. आणि रिकाम्या हाताने आत यायचं नाही. नियम तिचे होते, म्हणून गावाने निमूट ऐकले. ग्रुन्याने सांगितले असते तर हसले असते. मेमध्ये दुसरी खोपटी झाली, पुढच्या वर्षी तिसरी. आजी स्वतः कधी बी लावत नसे. पण बाहेर दगडावर बसून कोण कशी माती टाकतो यावर तिची देखरेख चाले, आणि काकडीला ती शेवटपर्यंत 'पाण्याचं हाड' म्हणत राहिली.

आजी गेली ती ऐंशी ओलांडून. तेव्हा नव्वदचं दशक सुरू झालं होतं आणि जुनी सरकारी व्यवस्था मोडली होती. जहाजं वर्षाला चारावरून एकावर आली, हेलिकॉप्टर यायचं तर धुकं नसेल आणि इंधन असेल तेव्हा, म्हणजे क्वचितच. किनाऱ्यावरची दोन छोटी गावं त्या काळात ओस पडली. इलवायाम राहिलं. ते ग्रुन्याच्या मळ्यामुळे राहिलं असं कुणी म्हटलं तर ती चिडायची, "माशांमुळे राहिलं! शेपू खाऊन कुणी जगतं का?" पण घळीत तेव्हा अकरा खोपट्या होत्या, आणि बालवाडीच्या सूपमध्ये मार्चमध्ये हिरवं पडायचं एकही वर्ष चुकलं नाही.

सावेली गेल्यावर खोऱ्यातल्या बहिणीने तिला बोलावून घेतलं. कायमचीच ये म्हणाली. अंगणात बाक होता, ऊन होतं, कोबी माणसाच्या डोक्याएवढे. ग्रुन्या दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखू लागलं, डोळे चुरचुरू लागले.

"ऊन फार आहे गं तुमच्याकडे," ती म्हणाली.

"आमच्याकडे?" बहीण म्हणाली. "तू कुठली मग?"

नवव्या दिवशी ग्रुन्याने सामान बांधलं. पिशवीत टोमॅटोच्या बिया होत्या, कारण टोमॅटो अजून जमला नव्हता.

सध्या ती बहात्तर वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात वरच्या किनाऱ्यावरून मार्फा नावाची एक बाई तिला शोधत आली. तिच्या गावाजवळही गरम पाणी निघतं. काय करावं, कुठून सुरुवात करावी, विचारायला. ग्रुन्याने तिला चहा दिला आणि पहिलाच प्रश्न केला, "त्या पाण्याशेजारी कुणाची म्हातारी राहते?"

"आहे एक. जवळ कुणाला येऊ देत नाही. कुत्री सोडते अंगावर."

"मग बियांचं नंतर बघू," ग्रुन्या उठत म्हणाली. "आधी मला होडीतून तिच्याकडे घेऊन चल. आणि वाटेत मासे धरू. रिकाम्या हाताने जायचं नाही."

ती तिथे तीन आठवडे राहिली. त्यातले दोन त्या म्हातारीच्या दारात बसण्यात गेले. तिसऱ्या आठवड्यात म्हातारीनेच काठी टेकत टेकत पुढे होऊन जागा दाखवली. या वर्षी एप्रिलमध्ये मार्फाचा फोन आला. रेंज आली तेवढ्यात ओरडून बोलत होती. मुळे आलेत, वाकडेतिकडे आहेत, पण आलेत! ग्रुन्या बालवाडीच्या ओट्याशी उभी होती. फोन कानाला लावून तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मागे वळून आता स्वयंपाक बघणाऱ्या आपल्या मुलीला म्हणाली, "लिहून घे गं, तिला मुळ्याचा पाला कसा करायचा ते सांगायचंय. टाकून देतील नाहीतर."